मांड्यांचा सिनेमा आणि नवी रॅम

आमच्या घरात नवीन वस्तू आली की ती आधी देवघरात जाते आणि मगच कामाला लागते. मिक्सर, कुलरची मोटर, गॅसची नळी, नवऱ्याची मोटारसायकल, सगळ्यांनी ही वाट धरलेली आहे. सासूबाई हळद-कुंकवाची बोटं लावतात, चार अक्षता टाकतात, हात जोडतात आणि म्हणतात, ‘आता वापरा’. माझा नवा चष्मा आला तेव्हा त्याच्या दोन्ही काचांवर कुंकू होतं. मी तो तसाच घातला आणि मला सगळं जामनेर लालभडक दिसलं. त्यावर भांडण झालं. म्हणजे मी भांडले, त्या ऐकत बसल्या आणि शेवटी म्हणाल्या, ‘पण नंबर बरोबर निघाला ना?’

ही त्यांच्या माहेरची रीत. माहेर धुळ्याचं. त्यांच्या आईनं दोन्ही मुलींना हे वळण लावलं. थोरली मुलगी म्हणजे आमच्या अक्का. त्या अजून धुळ्याच्या त्याच घरात राहतात. आई-वडील गेल्यापासून सासूबाईंचं माहेर म्हणजे अक्काच. दर आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सासूबाई धुळ्याला जातात. लग्न झाल्यापासून एकही आखाजी चुकवलेली नाही. इतर सणांना त्या माझ्या सासूबाई असतात. आखाजीला मात्र पिशवी भरताना पायातली चप्पलसुद्धा वेगळी वाजते त्यांची.

आणि धुळ्याला गेल्यावर त्यांचं काम ठरलेलं, ते म्हणजे मांडे. अंगणात चूल, चुलीवर उपडं खापर, आणि पुरण भरलेला गोळा दोन्ही हातांवर खेळवत, कोपरापर्यंत पसरवत, हलकेच त्या खापरावर टाकायचा. मी लग्नानंतर एकदा प्रयत्न केला होता. माझा मांडा माझ्याच मनगटावर फाटला आणि पुरण पायावर पडलं. तेव्हापासून मी पंगतीतली माणूस. अक्कांचे हात आता सांधेदुखीनं आखडलेत आणि त्यांच्या सुनांना मांडे येत नाहीत. म्हणजे त्या घरातले मांडे सासूबाईंबरोबर बसमधून येतात नि बसमधूनच परत जातात, असंच म्हणायचं.

यंदा उन्हाळ्याच्या तोंडाशी डॉक्टरांनी सांगितलं की गुडघ्याचं ऑपरेशन आता लांबवू नका. सासूबाईंनी पहिला प्रश्न विचारला तो दुखेल का, हा नव्हे. आखाजीला जाता येईल का, हा. डॉक्टर म्हणाले, बसचा प्रवास नाही आणि खाली बसणं तर मुळीच नाही. घरी परतल्यावर रिक्षातून उतरताना त्या म्हणाल्या, ‘आधी मांडे, मग ऑपरेशन.’ मला वाटलं बाईंना उन्हाचा त्रास झाला.

तसं नव्हतं. त्यांच्या डोक्यात अख्खी योजना होती. ऑपरेशनच्या आधी आपल्या मागच्या अंगणात त्या मांडे करणार. मी मोबाईलवर त्याचा सिनेमा काढायचा. गहू कसे ओलवायचे, कणीक किती तिंबायची, पुरण किती घट्ट ठेवायचं, सगळं त्या बोलणार. आणि आखाजीच्या सकाळी धुळ्याला अक्कांच्या टीव्हीवर तो लागणार, आणि त्यांच्या सुना टीव्हीपुढे परात घेऊन बसणार. ‘म्हणजे मी नसले तरी मांडे होतील’, असं त्या म्हणाल्या. पण मला त्यातलं खरं ऐकू आलं. मी नसले तरी मी असेन, असं त्यांना म्हणायचं होतं.

मी गणिताच्या शिकवण्या घेते. आमच्याकडचा संगणक प्रश्नपत्रिका टाईप करण्यापुरता. पण शिकवण्यांना सुट्टी होती आणि सिनेमा काढायचा म्हटल्यावर माझ्याही अंगात आलं. दोन सकाळी आम्ही चुलीपाशी घालवल्या. सासूबाई नऊवारी नेसून, नथ घालून बसल्या. धूर माझ्या डोळ्यांत आणि बोलणं सगळं त्यांचं. अगदी सुरुवातीला त्या गुडघा धरत उठल्या, मोबाईलच्या पार जवळ आल्या, इतक्या की पडद्यावर नुसती नथ दिसावी, आणि म्हणाल्या, “अक्का, मी उनू.”

अहिराणीत ‘मी आले’. मी म्हटलं, आई, हे मी नंतर कापून टाकीन, सिनेमा एकदम कणकेपासून सुरू करू. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी कापायचा विचार सोडून दिला.

मग ऑपरेशन झालं, छान झालं. सासूबाई वॉकर घेऊन घरात ठकठक करू लागल्या आणि मी तुकडे जोडायला बसले. मोबाईल भरून गेला होता म्हणून सगळं संगणकात उतरवून मोबाईलमधून पुसून टाकलं होतं. आणि आमचा संगणक, देवा रे. प्रश्नपत्रिकेला तो ठीक. पण सिनेमाचे दोन तुकडे शेजारी ठेवले की बेशुद्ध पडायचा. सासूबाईंचा हात हवेत, मांडा हातावर, आणि चित्र तिथंच गोठलेलं. मी रागावून टेबलावर थाप मारायची, पलीकडच्या खोलीत वॉकर थांबायचा आणि आवाज यायचा, ‘फाटला का गं?’

जाणकारांना विचारलं तर सगळ्यांचं एकच मत पडलं की याची रॅम कमी पडते. रॅम म्हणजे संगणकाची हाताशी असलेली जागा. स्वयंपाकघरातला ओटा समजा. ओटा लहान असला की परात ठेवायची कुठे? तर आणखी एक पट्टी बसवायची, ओटा दुप्पट. मी सकाळच्या बसनं जळगावला गेले, दुकानात जुन्या पट्टीचा फोटो दाखवला, तशीच दुसरी घेतली आणि दुपारी उन्हात भाजून परत आले. बोटभर लांबीची ती हिरवी पट्टी, एका कडेला सोनेरी दातांची ओळ. प्लॅस्टिकच्या डबीत ठेवलेली. आल्या आल्या डबी देवघरात ठेवली, कारण ठेवली नसती तर ऐकून घ्यावं लागलं असतं, आणि अंघोळीला गेले.

बाहेर आले तर डबीवर हळद-कुंकवाची दोन बोटं, वर अक्षता आणि एक मोगऱ्याचं फूल. म्हटलं चला, यंदा निदान वस्तूला सोडलं, डबीवर निभावलं. अक्षता झटकल्या आणि कामाला लागले.

संगणकाचं झाकण उघडून पट्टी बसवणं हे काही फार मोठं काम नाही. वायर काढायची, अंगात साठलेला विजेचा अंश जावा म्हणून लोखंडाला हात लावायचा, खाच जुळवायची आणि दोन्ही कडांनी दाबायचं, टक्क आवाज येईपर्यंत. आला टक्क आवाज. मी बटण दाबलं. पंखा फिरला, दिवा लागला आणि संगणकानं तीन लांब शिट्ट्या मारल्या. पडदा काळा. परत केलं, परत तीन शिट्ट्या. सासूबाई खाटेवरून म्हणाल्या, कुकर बंद कर.

मी जळगावच्या दुकानाला फोन लावला. तिकडचा माणूस शांतपणे म्हणाला की पट्टी नीट बसली नसेल, काढून पुन्हा बसवा. मी बसवली. एकदा संगणक सुरू झाला, मला अगदी हसू आलं, आणि हसू ओठावर असतानाच पडदा निळा झाला, काहीतरी चूक झाली आहे असं इंग्रजीत म्हणाला आणि बंद पडला. पुन्हा फोन. मग तो म्हणाला, जुनी एकटी लावून बघा. जुनी एकटी लावली, चालू. म्हणजे नवीच खराब, असा मी निष्कर्ष काढला आणि त्याला फोनवर असं काही सुनावलं की पलीकडे त्याच्या दुकानातलं गिऱ्हाईकही गप्प झालं असावं. तो तरीही म्हणाला, मॅडम, खाच खराब असू शकते, दोघींच्या जागा बदलून बघा.

आता हे माझ्या आवडीचं. मी मुलांना नेहमी सांगते, उत्तर चुकलं की एका वेळी एकच पायरी तपासा. मी नवी पट्टी जुनीच्या खाचेत घातली, जुनी नवीच्या. शिट्ट्या. मग नवी एकटी या खाचेत, शिट्ट्या. नवी एकटी त्या खाचेत, शिट्ट्या. सगळं पद्धतशीर. शेवटी वैतागून म्हटलं जाऊ दे, जुनी होती तशी लावते, रांगत रांगत का होईना काम करीन. लावली. तीन शिट्ट्या.

मघाशी चालत होती ती जुनी पट्टीही आता चालेना. तिच्या पहिल्या खाचेत नाही, दुसऱ्या खाचेत नाही. माझी पद्धतशीर बुद्धी वापरून मी होता तोही संगणक घालवला होता. सगळा सिनेमा त्या डब्यात, मोबाईलमध्ये एक तुकडा नाही, आणि ज्यांनी मांडे केले त्या बाई आता दोन महिने चुलीपाशी बसू शकणार नाहीत. आखाजी तर दाराशी येऊन ठेपली होती. दुकानदार म्हणाला डबा घेऊन या, पण माझ्याकडे काम तुंबलंय, सणाच्या आधी होईल असा शब्द देत नाही.

सासूबाईंना सांगणं भाग होतं. त्यांनी धुळ्याला सगळ्या गल्लीला आमंत्रण देऊन ठेवलं होतं. रोज संध्याकाळी अक्कांचा फोन यायचा आणि त्या सांगायच्या, ‘शिनेमा येतोय, परात घासून ठेवा.’ मी जाऊन सांगितलं की संगणक बंद पडलाय. त्या म्हणाल्या, ‘राहू दे, तू किती करशील.’ त्यांनी मला चार शब्द सुनावले असते तर मला बरं वाटलं असतं. त्या संध्याकाळी अक्कांचा फोन आला तो त्यांनी घेतला नाही. वाजू दिला. लग्नापासून मी त्यांना बघतेय, अक्कांचा फोन वाजू दिलेला मी पहिल्यांदा पाहिला आणि मला फार वाईट वाटलं.

सकाळी दुकानदाराचाच फोन आला. इतकं ऐकून घेऊनही त्यानं स्वतः केला, हे मला मान्य करायलाच हवं. म्हणाला, मॅडम, एक शेवटचं. खोडरबर घ्या, साधा शाळेतला, आणि पट्टीची सोनेरी बाजू हलकी घासा. कधी कधी हाताचा घाम, धूळ बसते.

खोडरबर माझ्याकडे डझनानं. नवा पांढरा काढला आणि नव्या पट्टीच्या दातांवरून फिरवला. रबर गुलाबी झाला. मी रबर पाहिला, पट्टी पाहिली, पुन्हा घासला. आता कडेला पिवळा. नाकाशी नेला. हळद.

मी रबर घेऊन खाटेपाशी गेले आणि त्यांच्या पुढे धरला. म्हटलं, आई, तुम्ही डबी उघडली होती का? त्या म्हणाल्या, उघडली होती ना. डबीला नमस्कार करून काय उपयोग, वस्तू आत. मग पट्टीला कुंकू कुठं लावलंत? त्यांना प्रश्नच विचित्र वाटला.

“सोन्याच्या बाजूला. दुसरी बाजू तर नुसती हिरवी होती.”

जास्त झालं असं वाटून त्यांनी ते पदरानं पुसूनही घेतलं होतं. पुसल्यावर जे राहिलं ते दातांवर वाळलं, मी ते या खाचेत घातलं, मग त्या खाचेत घातलं, आणि मग त्याच खाचांमध्ये जुनी पट्टी. एका वेळी एक पायरी करत मी कुंकवाचा प्रसाद घरभर वाटला होता. हे त्यांना समजावून सांगता सांगता मला हसू फुटलं. मी खाटेच्या कडेला बसून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. त्या हसल्या नाहीत. त्यांचा चेहरा एवढासा झाला. म्हणाल्या, ‘म्हणजे माझंच कुकू माझ्या आड आलं.’

मी म्हटलं, आड आलंय तर बाजूला करू, त्यात काय. दोन्ही पट्ट्या रबरानं चकचकीत केल्या. प्रश्न खाचांचा होता. त्या इतक्या अरुंद की रबर काय, नख जात नाही. तेव्हा सासूबाई म्हणाल्या की देवांचा ब्रश घे. देवघरातल्या टाकांच्या नाकाडोळ्यांत अडकलेलं कुंकू काढायला त्यांनी एक मऊ दातांचा ब्रश ठेवलेला आहे. मी तो आणला. गुडघ्याच्या ड्रेसिंगसाठी दवाखान्यातून दिलेलं स्पिरिट घरात होतंच. संगणकाचा डबा उचलून त्यांच्या खाटेशेजारी स्टुलावर ठेवला, त्यांनी चष्मा लावला आणि स्पिरिटचे चार थेंब ब्रशवर घेऊन दोन्ही खाचा अशा साफ केल्या, जसे दसऱ्याला देव घासतात. ओठ हलत होते. काय म्हणत होत्या ते मी विचारलं नाही.

वाळू दिलं. दोन्ही पट्ट्या बसवल्या. बटण मी त्यांनाच दाबायला लावलं. एकच बारीकशी शिट्टी आली आणि पडदा उजळला. त्यांनी संगणकाला नमस्कार केला. हात पुढे येऊ लागला तसा मी तो वरच्या वर धरला.

त्यानंतर संगणक काय पळाला, विचारू नका. मांडा हातावरून खापरावर गेला तो कुठं न अडकता. सिनेमा तयार झाला, पेन ड्राईव्हवर उतरवला, आणि आखाजीच्या आदल्या दिवशी नवरा आंबे, सांजोऱ्या आणि तो पेन ड्राईव्ह घेऊन धुळ्याला गेला. मी त्याला बजावलं होतं, टीव्हीच्या मागच्या भोकात घालायचं आणि बटण दाबायचं, डोकं चालवायचं नाही.

सकाळी आमच्याकडे पितरांच्या नावानं घागर भरून झाली, तिच्यावर डांगर, म्हणजे खरबूज, ठेवलं, नैवेद्य झाला. सासूबाई नवी साडी नेसून खाटेवर फोन हातात धरून बसल्या होत्या. तिकडे चूल पेटली होती, परात मांडली होती, गल्लीतल्या बायका जमल्या होत्या. फोन आला तो नवऱ्याचा. म्हणाला, चालत नाहीये. टीव्ही म्हणतो आत काहीच नाही. तू रिकामाच दिलास बहुतेक.

मी भडकले. मी काय काय तपासून दिलं होतं ते सांगायला लागले तेवढ्यात सासूबाईंनी माझ्या हातातून फोन घेतला. त्यांनी अक्कांना बोलावलं. रात्री ती वस्तू कुठं ठेवली होती, हे विचारलं. मग स्पीकर लावला, मला ऐकू यावं म्हणून. अक्कांचा आवाज आला, थोडा दुखावलेला, कारण त्यांनाही प्रश्न विचित्रच वाटला असणार.

“देवपुढेच ठेवं व्हतं. तेना तोंडले कुकू लावं. नवी वस्तू शे ना.”

सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं. आणि आता त्या हसल्या. गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासूनचं सगळं हसू त्यांनी त्या एका वेळी काढलं. पोट धरून, पदर तोंडाला लावून. एक बहीण जामनेरला, एक धुळ्याला, दोघींचे केस पांढरे, आणि आईनं लावलेलं वळण दोघींच्या बोटांत तसंच. मला राग आणायचा होता, पण तो येईना. हसता हसता सासूबाईंच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं आणि त्यांनी ते पुसलंही नाही.

“अक्का,” त्या म्हणाल्या, “मी बी तेच करं.”

मग त्यांनी बसल्या जागेवरून धुळ्याची दुरुस्ती हातात घेतली. देवांचा ब्रश आण. अक्कांकडेही देवांचा ब्रश होताच, का नसेल. पाणी लावू नको, कोरडाच फिरव, आतपर्यंत, दाबू नको. माझा नवरा मध्ये काही सुचवायला लागला तर त्याला गप्प बसवलं. रबर असेल तर पोरांच्या दप्तरातून घे, असंही सांगितलं, आणि मग आठवून म्हणाल्या, नको, रबर आत जायचा नाही. मी शेजारी बसून ऐकत होते. दुकानदारानं मला जितक्या शांतपणे सांगितलं नव्हतं, तितक्या शांतपणे त्या सांगत होत्या.

पलीकडे काहीतरी खुडबुड झाली. बायकांची कुजबुज थांबली. आणि फोनमधून, धुळ्याच्या त्या घरातून, सासूबाईंचा स्वतःचाच आवाज आला, मोठा, टीव्हीच्या भोंग्यातून.

“अक्का, मी उनू.”

मी जो तुकडा कापून टाकणार होते तो. दर आखाजीला उंबऱ्यात पिशवी ठेवून त्या हेच म्हणत असणार, हे मला तेव्हा कळलं. अक्कांना आता कमी ऐकू येतं आणि कमी दिसतं. समोर टीव्ही आहे, हे त्या क्षणी त्या विसरल्या की काय, देव जाणे. फोनमधून त्यांचं उत्तर आलं, टीव्हीला दिलेलं.

“ये बाई, ये. इतला उशीर काब करा?”

खोलीत मी, सासूबाई आणि घागर. त्यांनी फोन तोंडाजवळ धरला आणि माहेरच्या उंबऱ्यातच उभ्या असल्यासारखं, उशिराचं कारण अगदी सहज सांगितलं की काय सांगू अक्का, रस्त्यात कुकवानं अडवलं होतं. मग मला हळूच म्हणाल्या, आता जरा गप्प बस, कणकेचं सांगायचंय.